खेळणी मोजणाऱ्यांना उत्तर

मुलांची खेळणी कमी करा, असा सल्ला सध्या चहूकडून कानावर येतो. पालकसभेला बोलावलेले पाहुणे तो देतात, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती देतात, नातवंडांच्या पसाऱ्याने वैतागलेले आजी-आजोबाही देतात. कोणी पाच म्हणतं, कोणी दहा. उरलेली देऊन टाका, नाहीतर माळ्यावर चढवा. कारणं ठरलेली असतात. जास्त खेळण्यांनी मूल चंचल होतं, असं म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय. आमच्या लहानपणी कुठे होती खेळणी, तरी आमचं काही अडलं का? भरपूर मिळालं की वस्तूची किंमत राहत नाही. आणि शेवटचं, घरात पाय टाकायला जागा उरलेली नाही.

मी डोंबिवलीत बरीच वर्षं बालवाडी चालवते आहे. हा सल्ला मनावर घेतलेल्या घरांतली मुलं माझ्यापुढे रोज बसतात, आणि ज्या घरांत सल्ला पोहोचण्याआधीच खेळणी नव्हती त्या घरांतलीही बसतात. दोघांकडे पाहून माझं मत पक्कं झालं आहे. आजच्या मुलांचा खेळ खुंटला, तो खेळण्यांचा आकडा वाढला म्हणून खुंटलेला नाही. खेळायला अंगण उरलं नाही, सोबती उरले नाहीत, मोकळी दुपार उरली नाही. हाताशी राहिलं ते घरातलं साहित्य. आता तेही मोजून द्या म्हणतात.

आधी संशोधनाचं पाहू, कारण ह्या सल्ल्याला वजन आलंय ते त्यामुळे. बहुतेक वेळा ज्याचा दाखला दिला जातो तो अभ्यास अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातला, 2018 साली प्रसिद्ध झालेला. दीड ते अडीच वर्षांची 36 मुलं त्यात होती. प्रत्येकाला एकेकटं खेळू दिलं, एकदा चार खेळणी ठेवून आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि ते अधिक तऱ्हांनी हाताळू लागली. अभ्यास चांगला आहे, निष्कर्ष पटण्याजोगा आहे. लहान मुलांबरोबर राहिलेल्या कोणालाही तो अनुभवाने ठाऊक असतो. पण तो सांगतो एवढंच, की दोन वर्षांच्या मुलापुढे एका वेळी थोडं मांडावं. घरात एकूण किती असावं, हा त्याचा प्रश्नच नव्हता. चार वर्षांच्या मुलीचं काय, दोन भावंडं मिळून खेळतात तेव्हा काय, वर्षभर हाताळून ओळखीच्या झालेल्या वस्तूंचं काय, ह्यातलं त्यात काही नाही. खेळाच्या एका बैठकीत काय घडलं, ते त्यात नोंदवलं आहे. ‘जास्त खेळण्यांनी मूल चंचल होतं’ हे वाक्य त्या बैठकीतून निघत नाही. ते आपण आपल्या पदरचं जोडलं आहे.

दुसरा दाखला जर्मनीचा देतात. बव्हेरियात 1992 साली ‘खेळण्यांविना बालवाडी’ असा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो बऱ्याच ठिकाणी पसरला. तीन महिने बालवाडीतली खेळणी बाजूला ठेवायची आणि मुलं काय करतात ते पाहायचं. त्याचा उगम व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांच्या विचारांत होता. कंटाळा आला, मन खट्टू झालं, तर वस्तूकडे न धावता माणसाकडे वळावं, आपलं आपण काही शोधावं, ही सवय लहानपणीच लागावी, असा हेतू. मला हा उपक्रम मनापासून आवडतो. पण त्याचं नाव घेऊन घरातली टोपली रिकामी करणाऱ्यांनी तिथलं चित्र पुरतं पाहावं. खोलीत खुर्च्या, टेबलं, चादरी असायच्या. वीसेक मुलांचा गोतावळा असायचा. मुद्दाम तयार केलेल्या शिक्षिका असायच्या. खेळणी ‘सुट्टीवर’ जाणार हे मुलांना आधी सांगितलेलं असायचं, ती ठेवून द्यायला मुलंच हात लावायची, आणि तीन महिन्यांनी खेळणी परत यायची. आपल्याकडे सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एकुलत्या एका मुलाची, ते शाळेत गेलेलं असताना पिशवी भरायची, आणि म्हणायचं की जर्मनीत हेच करतात! नाही, तिथे हे करत नाहीत.

संशोधनाचाच आधार हवा असेल, तर जमैकाकडे पाहावं. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली 129 मुलं 1986-87 मध्ये एका अभ्यासात घेतली. वयं नऊ महिने ते दोन वर्षं. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, आरोग्यसेविका जायची. बरोबर घरच्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायची, आईला मुलाशी खेळायला शिकवायची, खेळणी घरात ठेवून यायची आणि पुढच्या भेटीत ती बदलून दुसरी द्यायची. वीस वर्षांनी ह्याच मुलांची कमाई तपासली. ज्यांच्या घरी आरोग्यसेविका खेळणी घेऊन जात होती त्यांची कमाई, तशाच पण ह्या भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा 25 टक्क्यांनी अधिक निघाली. हे 2014 साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. एकट्या खेळण्यांनी हे घडलं असं मी म्हणत नाही. खेळणं, ते घेऊन येणारी बाई आणि शेजारी बसलेली आई, ही सगळी मिळून ती ताकद होती. पण त्या घरांत कमतरता होती आणि ती भरून काढल्यावर आयुष्यं बदलली, हे तर दिसतं. महाराष्ट्रातली किती घरं टोलेडोच्या खोलीसारखी आहेत आणि किती किंग्स्टनच्या वस्तीसारखी, ह्याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी करावा. 2011 च्या जनगणनेत देशातली 37 टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्या खोल्यांतल्या मुलांपुढे सोळा खेळण्यांचा प्रश्न कधी आलेला नाही.

एक गोष्ट मात्र ह्या मंडळींची मान्य करायला हवी. दुकानातून येणारा माल बेसुमार वाढला आहे आणि त्यातला बराच निकस आहे. वाढदिवसाला येणाऱ्या खोक्यांपैकी निम्मी बॅटरीवर बोलणारी असतात. बटण दाबलं की गाडी गाते, बाहुली इंग्रजीत आकडे म्हणते, आणि मूल नुसतं बघत बसतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत आई-बाप आणि त्यांची दहा ते सोळा महिन्यांची बाळं अशा 26 जोड्यांचं बोलणं घरीच ध्वनिमुद्रित केलं गेलं. बोलकी खेळणी हातात असताना आई-बाप बाळाशी कमी बोलले, साधी खेळणी असताना जास्त, पुस्तक असताना सर्वांत जास्त. अशी खेळणी घरात न आलेलीच बरी, ह्यावर माझा कोणाशी वाद नाही. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली. ती नसलेली, रंग सुटणारी, सुटी बटण-बॅटरी असलेली वस्तू सरळ बाहेर काढावी. पण हा निवडीचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा आहे. असलं एक खेळणंही जास्तच, आणि लाकडी ठोकळे शंभर असले तरी कमीच.

ठोकळ्यांवरूनच विचारते. शंभर ठोकळे म्हणजे एक खेळणं धरायचं की शंभर? भातुकलीतली पळी, तवा, पोळपाट, जातं, बंब ही वेगवेगळी मोजायची का? पिशवीभर चिंचोके? दहाचा नियम सांगणाऱ्यांकडे ह्याचं उत्तर नसतं. मुलांच्या खेळात काही साहित्य असं असतं की ते भरपूर असेल तरच खेळ होतो. दहा ठोकळ्यांचा मनोरा होतो, गाव होत नाही. गावाला रस्ता लागतो, पूल लागतो, पुलाखालून जायला गाडी लागते आणि ती गाडी अडवायला कोणीतरी पोलिस लागतो. आमच्या बालवाडीत एक मुलगा गेले काही दिवस फरश्यांच्या रेघांवरून आगगाडी नेतो आहे. डबे म्हणजे काड्यापेट्या. ठाकुर्ली आलं की एक बाटलीचं झाकण खाली ठेवतो, कल्याणला दोन ठेवतो, कारण कल्याण मोठं. कल्याणच्या पुढे त्याने गाडीचे दोन भाग केले, एक खिडकीकडे, एक दाराकडे, कर्जत आणि कसारा. त्या दिवशी झाकणं संपली. तो उठला, कोपऱ्यातल्या टोपलीतून शंख आणले, आणि कसाऱ्याच्या वाटेवर शंखांची स्टेशनं लागली. ती टोपली तिथे नसती तर गाडी कल्याणलाच थांबली असती.

‘आमच्या लहानपणी कुठे होती खेळणी’ हे म्हणणारे आपलं लहानपण नीट आठवत नाहीत, असं मला वाटतं. दुकानातली नव्हती, हे खरं. पण साहित्याला तोटा नव्हता. सागरगोटे होते, गोट्या होत्या, भोवरे होते, काचापाण्यासाठी जपून ठेवलेले बांगड्यांचे तुकडे होते. काड्यापेटीच्या छापा आणि सिगारेटची पाकिटं गोळा करणारी पोरं गल्लोगल्ली होती, आणि ज्याच्याकडे जास्त त्याचा रुबाब मोठा होता. चिंचोके शेराने असायचे. लगोरीला फरशीचे तुकडे, भातुकलीला खरे पोहे आणि गूळ, बाहुलीच्या लग्नाला शिंप्याकडच्या चिंध्या. हे सगळं मोजलं तर आजच्या भरलेल्या घरातलं मूल गरीब ठरेल. आणि ह्या साहित्याबरोबर वाडा होता, परसू होतं, दहा-बारा पोरं होती, आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत कोणी हाक मारत नसे. त्या बालपणातली एकच गोष्ट उचलायची, दुकानी खेळण्यांचा अभाव, आणि बाकीचं वैभव विसरायचं, ही आठवण नव्हे. आजच्या मुलाला वाडा देता येत नाही, पोरांचा घोळका देता येत नाही. त्याची टोपलीही काढून घेतली तर त्याच्या हाती काय उरतं ते आपण सगळे जाणतो. ते खिशात मावतं आणि त्याला पसारा होत नाही. खेळणी आवरलेल्या ज्या स्वच्छ, नेटक्या घरांत मी गेले आहे, त्यांतल्या अनेक घरांत मूल सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलेलं होतं.

दिवाळीतला किल्ला आठवून पाहा. माती, दगड, पोती, विटा, वर अळीव किंवा मोहरी पेरलेली. पायथ्याशी विहीर, मधे तोफा, माथ्यावर सिंहासनावर महाराज. आणि मावळे. मावळे दरवर्षी वाढतात. गेल्या वर्षीचे खोक्यातून निघतात, कोणाचा भाला मोडलेला असतो, कोणाचा रंग उडालेला असतो, तरी बुरुजावर उभे राहतात, शिवाय यंदाचे नवे हवेतच. आजवर मी एकाही बापाला ‘दहाच मावळे ठेव, बाकीचे देऊन टाक’ असं म्हणताना ऐकलं नाही, कारण गड लढवायचा तर शिबंदी लागते हे बापालाही ठाऊक असतं. मुलाचा रोजचा खेळ हा तसाच मोठा बेत असतो. वर्षातले चार दिवस तो आपल्याला कळतो, बाकीचे दिवस आपण त्याला पसारा म्हणतो.

भरपूर मिळालं की कदर राहत नाही, ह्यावर फार लिहावं असं त्यात काही नाही. कदर हाताळण्यातून येते, दुरुस्त करण्यातून येते. मोडलेलं चाक डिंकाने चिकटवायला आई-बाप मुलाजवळ बसले, तर ते मूल चाळीस खेळण्यांतलीही ती गाडी ओळखतं. मोडलं की टाकून नवं आणायचं, हे मूल आपल्याकडूनच शिकतं.

पसाऱ्याचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्यामागे आईचे कष्ट आहेत. दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये उभं राहून आलेली बाई रात्री नऊ वाजता वाकून वाकून ठोकळे गोळा करते, आणि तिला ‘खेळणी कमी कर’ हे ऐकून हायसं वाटतं. तिला मी दोष देणार नाही. पण तिचं दुखणं ठोकळ्यांच्या संख्येचं नाही. घरात आवरणारी ती एकटीच आहे, हे तिचं दुखणं आहे, आणि त्याची दाद नवऱ्याकडे मागायला हवी. चार वर्षांच्या मुलावर ते ओझं ढकलणं सोपं जातं एवढंच. आमच्याकडे एक साधी पद्धत आहे, घरीही चालते. जुनी सोलापुरी चादर पसरायची, खेळ तिच्यावरच मांडायचा. संपला की चार कोपरे चौघांनी धरायचे आणि सगळं एकदम टोपलीत. ज्याला आगगाडी उद्या पुढे न्यायची असेल त्याची चादर तशीच पलंगाखाली सरकवायची. एका वेळी एकच टोपली काढायची. टोलेडोच्या चार खेळण्यांत जे शहाणपण आहे ते एवढ्याने साधतं, आणि त्यासाठी काही फेकावं लागत नाही. अगदी तान्ह्यांसाठी आलटून-पालटून खेळणी काढणंही चांगलंच. फक्त तीन वर्षांच्या पुढे काय आत जाणार आणि काय बाहेर येणार, हे मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नये.

ह्या शेवटच्या गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त भांडते. मूल शाळेत गेलं की त्याची खेळणी पिशवीत भरायची आणि घरकामाच्या ताईंना, नाहीतर ‘गरीब मुलांना’ देऊन टाकायची, ही रीत आता सल्ला म्हणून छापली जाते. त्याला कळतसुद्धा नाही, असंही वर सांगतात. त्याला कळतं. तीन चाकांचा ट्रक नाहीसा झाला म्हणून आठवडाभर बालवाडीच्या प्रत्येक टोपलीत तो शोधणारा मुलगा मी पाहिला आहे. ट्रक बालवाडीतला नव्हताच, घरचा होता. पण घरात कुठेच नाही म्हटल्यावर तो इथे असेल असं त्याला वाटत होतं. आपल्या कपाटांत वर्षानुवर्षं न नेसलेल्या साड्या असतात, माळ्यावर लग्नातली भांडी असतात, आणि आपल्या नकळत त्यांतला एक तांब्या जरी कोणी दिला तर घरात महाभारत होतं. मुलाच्या मालकीला मात्र काही अर्थ नसतो. द्यायला शिकवायचं असेल तर मुलाने आपल्या हाताने, आपण निवडलेलं, ओळखीच्या मुलाला द्यावं. त्याला वेळ लागतो. कधी मूल काहीच द्यायला तयार होत नाही, तर नाही.

कोसबाडचं नाव घेतल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही, कारण ‘कमी साधनांत शिक्षण’ म्हणून ताराबाई मोडकांचं आणि अनुताई वाघांचं नाव काटकसरीच्या बाजूने घेतलं जातं. 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना त्यांनी माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवली, हे खरं आहे. पण त्यांच्या जागी त्यांनी काय आणलं? शंख, शिंपले, बिया, दगड, पानं, फुलं. रानातून आणि समुद्रावरून, हवं तेवढं. महागाई त्यांनी नाकारली, विपुलता मुलांपर्यंत पोहोचवली. पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं हेच केलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायचे, तर मूठभर काड्यांनी भागत नाही, ढीग लागतो.

ताराबाईंनी जो शब्द मराठीला दिला त्या अंगणवाडीतच आज ही काटकसर कशी पोहोचली आहे ते मला सांगायचं आहे. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. खेळाचं साहित्य त्यांना मिळतं, आणि अनेक ठिकाणी ते कुलूपबंद कपाटात असतं. सेविकेला खेळवायची इच्छा नसते असं नाही. बाहुलीचा हात निखळला, ठोकळ्यांतले चार हरवले, तर पुढच्या तपासणीला उत्तर तिलाच द्यावं लागतं. वस्तू नोंदवहीत लिहिलेली असते आणि लिहिलेली वस्तू शाबूत दाखवावी लागते. म्हणून पर्यवेक्षिका यायच्या दिवशी खेळणी सतरंजीवर येतात आणि संध्याकाळी परत कपाटात जातात. शहरात माळ्यावर, गावात कपाटात, मुलाच्या हातात कुठेच नाही. पालकसभांतून खेळणी कमी करायला सांगणाऱ्या सगळ्यांनी आपलं बळ इथे लावावं, अशी माझी मागणी आहे. अंगणवाडीचा खडू झिजून संपला तर त्याचा हिशोब कोणी मागत नाही. खेळण्यांची नोंदही खडूच्याच रकान्यात व्हावी, वर्षाला ती मोडणार आणि हरवणार हे धरूनच नवी यावीत, आणि कपाटाची किल्ली मुलांच्या वेळात कोणाच्याही कमरेला असू नये.